दर विचारता, तसा रॉडही विचारा

दसरा झाला, भात कापून झोडून घरात आलं की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ग्राइंडरचा आवाज सुरू होतो. कर्जतच्या चार फाट्यापासून कशेळ्यापर्यंत, चौकपासून खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत रस्त्याकडेला फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. त्यांच्यापुढे अँगल, चौकोनी पाइप आणि अर्धवट गेटं उभी दिसू लागतात. कुणाला फार्महाउसला गेट हवं असतं, कुणाला गोठ्यावर पत्र्याची शेड, कुणाला जिन्याला स्टीलचं रेलिंग. कुणी पॉवर टिलरचं मोडलेलं चाक टेम्पोत टाकून आलेला असतो. दुकानातलं बोलणं ठरलेलं: किलोचा दर काय, रंग धरून की रंग सोडून, कधी देणार. पाइप किती गेजचा, लोखंड कुठल्या कंपनीचं, हेही हल्ली लोक विचारतात. चांगलं आहे. पण हे सगळं ज्याच्या जिवावर एकत्र राहणार आहे तो वेल्डिंगचा रॉड कुठला वापरणार, हे कुणी विचारत नाही.

ते विचारा, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे. गेट करून घेणाऱ्यानं विचारा, शाळेच्या खिडक्यांना ग्रील बसवणाऱ्या समितीनं विचारा, ग्रामपंचायतीच्या शेडचं अंदाजपत्रक वाचणाऱ्या सदस्यानं तर विचाराच. पूर्ण बिलात रॉडचा खर्च लोखंड आणि मजुरीच्या मानाने किरकोळ असतो. तिथे काटकसर करून कुणाचंच फारसं वाचत नाही, आणि जोड सुटला तर सगळंच काम पुन्हा करावं लागतं. यात मिस्त्री लबाड असतो असंही नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून दुकानात एकाच जातीचं पाकीट येतं आणि गेटापासून पंपापर्यंत सगळ्याला तोच रॉड लागतो. आपण विचारायला लागलो तर दुसरी पाकिटंही दुकानात येतील.

रॉड काही डिंक नाही. तो स्वतः वितळतो, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं लोखंड वितळवतो, आणि तिघं मिळून एक धातू होतो. म्हणून भरायचा धातू कोणता, हे जोडायच्या धातूवर ठरतं. याचं उत्तम उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात आणि त्या बोरघाट चढतात. त्या घाटातला रूळ जागेवर जोडायचा असतो तेव्हा रेल्वे थर्मिट पद्धत वापरते. अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड यांचं मिश्रण पेटवतात, त्यातून वितळलेलं पोलाद तयार होऊन साच्यात उतरतं. तिथे रॉड नाही, होल्डर नाही. तरीही कुठलीही पूड चालत नाही. रूळ ज्या प्रतीचा आणि ज्या मापाचा, त्याच प्रतीची आणि मापाची पुडी घ्यावी लागते, ती कोरडी असावी लागते. गेटवाल्यानं इतकं सोवळं पाळावं असं कुणी म्हणत नाही. पण धातू पाहून भरणी निवडायची ही रीत दोन्हीकडे एकच.

आता आपल्या दुकानातलं ते नेहमीचं पाकीट. त्यावर बहुधा 6013 लिहिलेलं असतं. हा रॉड वाईट नाही, उलट साध्या लोखंडाच्या पातळ कामाला त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. 60 म्हणजे जोडातला धातू दर चौरस इंचाला किमान 60 हजार पौंडांचा ताण सोसतो. पुढचा 1 म्हणजे आडवं, उभं, डोक्यावरचं, कुठल्याही स्थितीतलं काम करता येतं. शेवटचा आकडा रॉडवरचं आवरण कोणत्या जातीचं आणि करंट कुठला, हे सांगतो. 6013 चं आवरण रुटाइलचं. आर्क पटकन धरतो, मध्येच थांबून पुन्हा चालू केला तरी कुरकुर करत नाही, एसी-डीसी दोन्ही मशीनवर चालतो, आणि वरचा स्लॅग हातोडीच्या एका टिचकीनं निघतो. वाडीवरचं व्होल्टेज संध्याकाळी पडलं तरी रेटून काम होतं. ग्रील, गेट, पोर्चची शेड, कुंड्यांचा स्टँड, पाण्याच्या टाकीचं हलकं स्टूल यांसाठी 6013 पुरतो. तुम्हाला कुणी यासाठी महागडा रॉड लावायचा आग्रह केला तर खुशाल नको म्हणा.

तिथे जाडी मात्र बघा. 16 गेजचा पाइप म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2. त्याला 2.5 मिलिमीटरचा रॉड, 60 ते 90 अँपिअरच्या आसपास. 5-6 मिलिमीटरच्या अँगलला 3.15 चा रॉड, साधारण 90 ते 130. पातळ पाइपावर जाड रॉड चालवला की भोक पडतं, मग ते भोक भरता भरता गोळा होतो, मग तो गोळा ग्राइंडरनं घासून सपाट करतात आणि जोडात काही उरत नाही. वरून रंग लागला की छान दिसतं. दुकानातलं गेट रंगाआधी एकदा बघून या, असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच.

रंगाआधी काय बघायचं? जोडावर एकसारख्या लाटा दिसल्या पाहिजेत, कडा पाइपाच्या अंगाशी मिळून गेलेल्या असाव्यात. कडेला नखानं लागेल अशी खाच असेल तर तिथलं लोखंड वितळून गेलंय पण भरलेलं नाही. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर रॉड ओला होता किंवा लोखंडावर तेल-गंज होता. आणि काळपट काचेसारखा पापुद्रा राहिला असेल तर तो स्लॅग आहे. तो ठोकून, तारेच्या ब्रशनं घासून काढल्याशिवाय रेडऑक्साइड लावू देऊ नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्लॅगवर लावलेला रंग पहिल्याच पावसात सुटतो, गंज तिथूनच सुरू होतो, आणि दोष मात्र रंगवाल्याच्या माथी जातो.

आता जिथे 6013 नको, ते सांगतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ड्रॉबार, जड वजन उचलायची कडी, खांबाखालची जाड बेसप्लेट, गिरणीत चेन ब्लॉक अडकवायचा गर्डर, उतारावर बांधलेल्या शेडचे मुख्य खांब. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडातून गेलं तेव्हा जिल्ह्यात किती छपरं उडाली हे आपण पाहिलंय. वाऱ्याची ओढ शेवटी खांब आणि कैचीच्या जोडांवर येते. जाड आणि ओढ सोसणाऱ्या लोखंडाला 7018 मागा. 70 म्हणजे 70 हजार पौंड, पण त्याची खरी किंमत त्या आकड्यात नाही. याच्या आवरणात हायड्रोजन देणारं काही जवळजवळ नसतं, म्हणून त्याला लो हायड्रोजन म्हणतात. जोड चिवट होतो, झटका बसला तर वाकतो, एकदम तुटत नाही.

हायड्रोजनचा त्रास काय, ते कळलं तर पुढचं सगळं कळेल. रॉडच्या आवरणात ओल असेल तर आर्कच्या उष्णतेनं पाणी फुटतं आणि त्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो. लोखंड थंड होताना त्याला बाहेर पडायचं असतं. पातळ, मऊ लोखंडातून तो निसटतो. जाड किंवा कडक पोलादात तो अडकून बसतो आणि जोडाच्या कडेनं बारीक तडा जातो. हा तडा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनीही जातो. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत महत्त्वाच्या जोडांची तपासणी 48 तास थांबून करतात. आपल्याकडे मात्र जोड गरम असतानाच ट्रॉली भरून रवाना.

मग 7018 घेतला की झालं? नाही. उघड्या पाकिटातला, दोन पावसाळे दुकानाच्या फळीवर काढलेला 7018 वापरण्यापेक्षा कोरडा 6013 परवडला. या रॉडला ओव्हनमध्ये भाजावं लागतं, साधारण 250 ते 350 अंशांना तास-दोन तास, नेमका आकडा त्या कंपनीच्या पाकिटावर छापलेला असतो. भाजल्यावर गरम पेटीत ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर चारेक तासांत संपवायचा. पुष्कळ दुकानांत बंद पडलेल्या फ्रिजमध्ये बल्ब लावून रॉड ठेवतात. ही युक्ती चांगली आहे, तिला हसू नका. पण नीट समजून घ्या: बल्बच्या उबेनं कोरडा रॉड कोरडा राहतो. एकदा ओल धरलेला 7018 त्या उबेनं सुधारत नाही. आणि भाजायचा नियम सगळ्या रॉडना लावू नका. 6013 ओलसर वाटला तर शंभर-एक अंशांना तासभर पुरे, जास्त भाजला तर त्याचं आवरणच बिघडतं. रसायनी-पाताळगंगेकडे पाइपलाइनवर काम करणाऱ्या पोरांचा 6010 तर मुळीच भाजायचा नाही, त्याला थोडी ओल लागतेच.

रॉड ओला आहे का, हे गिऱ्हाइकालाही कळू शकतं. दोन रॉड हातात घेऊन एकमेकांवर वाजवा. कोरडे खणखणतात, ओलसर बद्द वाजतात. आवरणावर पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसली, होल्डरमध्ये धरायच्या उघड्या टोकाला गंज दिसला, किंवा हलकं वाकवताच आवरणाचे टवके पडले, तर तो गठ्ठा बाजूला ठेवायला सांगा. जून ते सप्टेंबर काम अगदी अडलं असेल तर नवीन, बंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही.

पाकिटावरच्या अक्षरांचा एक घोळ आहे, त्यात जाणतेही फसतात. आपलं भारतीय मानक आयएस 814. त्याप्रमाणे छापलेल्या रॉडच्या पाकिटावर ईआर आणि पुढे चार आकडे असतात, उदाहरणार्थ ईआर 4211. तिथे आर म्हणजे रुटाइल आवरण. लो हायड्रोजनवाल्यावर ईबी असतं, बी म्हणजे बेसिक. पण सीओटूच्या वायरवर किंवा आर्गॉनच्या रॉडवर ईआर70एस-6 असं लिहिलेलं दिसेल. ती अमेरिकन पद्धत, आणि तिथल्या ईआरचा अर्थ इतकाच की हा माल इलेक्ट्रोड म्हणूनही चालेल, हातानं भरायचा रॉड म्हणूनही. दोन्हीकडे ईआर पाहून एकच माल समजू नका. आयएसआयचा शिक्का आणि बॅच नंबर पाहिला की अर्धं काम झालं.

सीओटू वेल्डिंग आता लहान दुकानांतही आलंय. ईआर70एस-6 ची तांबं चढवलेली वायर रिळावरून आपोआप पुढे सरकते, बाजूनं गॅस येतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. पातळ पत्र्याला 0.8 मिलिमीटरची वायर, जाडाला 1.2. स्लॅग नाही, काम झपाट्यानं. दुकानाच्या छताखाली हे बेस्ट. पण तीच मशीन माळावर, तुमच्या प्लॉटवर आणली आणि वारा सुटला की गॅस उडून जातो. ताशी 8 किलोमीटरच्या वर वारा असेल तर गॅसवर चालणारं वेल्डिंग उघड्यावर करू नये, असा अमेरिकन नियम आहे. 8 किलोमीटर म्हणजे झाडाची पानं हलतात एवढाच वारा! दिसायला जोड भरलेला असतो, आतून स्पंजासारखा. साइटवरच्या कामाला एक तर ताडपत्रीचा आडोसा करायला सांगा, नाहीतर साधा रॉडच वापरायला सांगा.

आता स्टेनलेस स्टीलकडे येतो, कारण फार्महाउसवाल्यांचे पैसे इथेच जास्त बुडतात. रेलिंग एसएसचं म्हणून घेतलं आणि पहिल्या पावसाळ्यात नेमका जोडांवर तपकिरी ओघळ आला, ही तक्रार नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठेही ऐका. कारणं तीन, आणि कधी कधी तिन्ही एकत्र. एक, एसएसला एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, रॉड लावला. दुसरं, जो ग्राइंडरचा दगड लोखंडावर चालवला तोच एसएसवर फिरवला, आणि लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतून गंजले. तिसरं, मुळात माल 202 चा आणि भाव 304 चा. लोहचुंबक लावून 202 आणि 304 ओळखता येतात असं दुकानदार छातीठोक सांगतात, त्यावर जाऊ नका. दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही.

304 ला 308एल चा रॉड, 316 ला 316एल चा. पुढचा एल महत्त्वाचा: त्यात कार्बन कमी असतो, म्हणून जोडाच्या आजूबाजूचं क्रोमियम अडकून पडत नाही आणि तिथे गंज धरत नाही. आणि एक जागा अशी असते जिथे बहुतेक सगळे चुकतात. रेलिंगचा एसएसचा खांब, आणि त्याखाली स्लॅबमध्ये गाडलेली साधी लोखंडी प्लेट. दोन वेगळ्या धातूंची गाठ. इथे 309एल लागतो, कारण लोखंड मिसळून पातळ झाल्यावरही जोडात पुरेसं क्रोमियम-निकेल उरावं इतकं ते त्यात आधीच जास्त असतं. दहा खांबांच्या रेलिंगला 309एल चे मोजके रॉड लागतील. त्यासाठी मिस्त्री दुकानात जाऊन परत आला तरी चालेल, थांबा.

आर्गॉनवर काम असेल तर भरायचा रॉड वेगळा, उघडा, साधारण मीटरभर लांब असतो, आणि त्याच्या टोकाला नंबर उमटवलेला असतो. टॉर्चमधली टंगस्टनची सुई वितळत नाही, ती भरणी नव्हे. रॉड संपला की साध्या इलेक्ट्रोडचं आवरण हातोडीनं फोडून आतली तार आर्गॉनला भरायची, असा एक जुगाड फार चालतो. तो चालू देऊ नका. आर्क वेल्डिंगच्या रॉडमध्ये लोखंडाला शुद्ध करणारी आणि ताकद देणारी द्रव्यं बऱ्याच अंशी त्या आवरणातच असतात, आतली तार एकटी त्या कामाची नाही. अॅल्युमिनियमचं काम निघालं तर 4043 किंवा 5356 आणि एसी करंटची मशीन, एवढं पाहा. ते काम आपल्याकडे कमी निघतं, आणि निघालं तर रोज अॅल्युमिनियम जोडणाऱ्याकडेच द्यावं.

गॅस वेल्डिंग मागे पडलं असं म्हणतात, पण पातळ पत्रा आणि दुरुस्ती यांत ते अजून हातचं आहे. तिथे साध्या लोखंडाला तांबं चढवलेला रॉड लागतो, दुकानात त्याला सीसीएमएस म्हणतात. पितळी रॉडनं झाळायचं असेल तर टाकणखार हवाच, नाहीतर पितळ पाण्यासारखं सरकतं, धरत नाही. रिसॉर्टवाल्यांनी आणि एसी बसवणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. तांब्याच्या नळीला तांब्याची नळी जोडताना फॉस्फरसवाला रॉड उत्तम, त्याला फ्लक्सही लागत नाही. पण तोच रॉड तांबं आणि लोखंडी नळीच्या जोडावर लावला तर तिथे ठिसूळ थर बनतो आणि कंप्रेसरच्या थरथरीनं काही महिन्यांत चीर पडते. तिथे फ्लक्ससह चांदीचा रॉड लागतो. चांदीच्या काही जुन्या रॉडमध्ये कॅडमियम असतं, त्याचा धूर विषारी. कॅडमियम नसलेला मागा, खाण्यापिण्याच्या भांड्याला तर तोच.

बीडाच्या वस्तूवर मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथे चुकीचा रॉड लावला की वस्तू कायमची जाते. भाताचा मुलूख आपला. कर्जतच्या भात संशोधन केंद्रानं काढलेली वाणं राज्यभर लावतात, आणि गावोगाव भाताच्या गिरण्या आहेत. गिरणीचं बीडाचं ब्रॅकेट, नदीकाठच्या पंपाचं केसिंग, जुन्या इंजिनाचा पाय, हे सगळं ओतीव बीड. त्याला तडा गेला की कुणीतरी 6013 नं भरून देतो. भरताना सुंदर दिसतं. थंड होताना टिंग असा आवाज येतो, आणि जोडाच्या शेजारी, बीडाच्या अंगातच, नवीन तडा जातो. बीडात कार्बन फार असतो. लोखंडी रॉड त्यात मिसळला की मध्ये काचेसारखा कडक थर तयार होतो, त्याला ना ड्रिल लागतं ना कानस.

इथे निकेलचा रॉड लागतो. एक जवळजवळ शुद्ध निकेलचा असतो, तो मऊ, मागाहून ड्रिल करायचं असेल तर तो घ्यावा. दुसरा निम्मं-अधिक निकेल आणि बाकी लोखंड असा, तो थोडा स्वस्त आणि जाड वस्तूला जास्त बळकट. दोन्ही महाग, म्हणून बऱ्याच दुकानांत सुटे मिळतात, आणि एका ब्रॅकेटला मोजकेच लागतात. पण नुसता रॉड आणून भागत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग तड्यावर ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच करायची. जुन्या बीडात तेल मुरलेलं असतं, ते शेगडीवर किंवा टॉर्चनं तापवून जाळून टाकायचं, धूर थांबेपर्यंत. मग इंचभर भरायचं, थांबायचं, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीनं हलके ठोके देत जायचं, म्हणजे आकसताना पडणारा ताण निघतो. हात ठेववेल इतकं निवलं की पुढचा इंच, तोही लगतचा नाही, दुसऱ्या टोकाकडचा. सगळं झाल्यावर वस्तू कोरड्या राखेत किंवा चुनखडीत पुरून रात्रभर ठेवायची. पाणी ओतायचं नाही, पंख्याखाली ठेवायची नाही. हे काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. कुणी अर्ध्या तासात करून देतो म्हणाला तर ब्रॅकेट उचला आणि घरी आणा. ज्याला एवढा वेळ नाही त्यानं पितळी रॉडनं झाळून घ्यावं. ताण कमी असेल तिथे तेही चांगलं टिकतं.

पॉवर टिलरच्या पात्यांचं वेगळं. चिखलणीत दगड लागून पातं तुटलं तर ते जोडू नका, बदला. ते कडक पोलाद, साध्या रॉडनं जोडलं की तिथूनच पुन्हा तुटतं, आणि फिरत्या पात्याचा तुकडा कुणाच्या पोटरीत जाईल ते सांगता येत नाही. झिजलेल्या पात्याची धार भरायला हार्डफेसिंगचे रॉड निराळे मिळतात.

आणि घर बांधणाऱ्यांना एक विनंती. वरचा मजला चढवताना जुन्या सळईला नवी सळई वेल्डिंग मारून देतो, असं कुणी म्हणालं तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. टीएमटी सळईची ताकद कारखान्यात तिच्या वरच्या थराला दिलेल्या उष्णतेच्या आणि थंडाव्याच्या प्रक्रियेतून येते. मिस्त्रीनं 6013 नं मारलेले टाके ती तिथे कमी करतात. एकावर एक सळई पुरेशी चढवून तारेनं बांधणं किंवा कपलर लावणं हे बहुतेक घरांना पुरतं. वेल्डिंगच करायचं ठरलं तर लो हायड्रोजन रॉड आणि इंजिनिअरनं ठरवलेली लांबी, यापेक्षा कमी नाही.

जीआय पाइपाला वेल्डिंग मारताना जोडापासून इंचभर जस्त घासून काढायला सांगा. जस्ताच्या धुरानं काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, मिस्त्री म्हणतो वातावरण बदललं. बंद खोलीत हे काम करू देऊ नका. डिझेल किंवा ऑइलचा रिकामा ड्रम कापायला, जोडायला आणू नका आणि कुणी आणला तर परत पाठवा. रिकाम्या ड्रममध्ये वाफ उरलेली असते आणि ती फुटते, माणसं गेली आहेत.

नव्या पोरांनाही दोन शब्द. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास असलं तरी प्रवेश मिळतो. तिथे रॉडचे नंबर वाचायला शिकवतात, ते परीक्षेपुरतं ठेवू नका. ज्याला पाकीट वाचता येतं आणि 309एल कुठे लागतो हे सांगता येतं, त्याला पाताळगंगा एमआयडीसीत किंवा खोपोलीच्या पट्ट्यात मागणी आहे. दुकान टाकायचं असेल तर पहिल्या कमाईतून एक लहान रॉड ओव्हन घ्या. गिऱ्हाइकाला तो दाखवा आणि का ठेवलाय ते सांगा. सांगितल्यावर दर दोन रुपयांनी जास्त पडला तरी लोक कुरकुर कमी करतात.

कोटेशन घेताना कागदावर एक ओळ लिहून घ्या, सरकारी काम असो की घरचं: धातू कोणता, पद्धत कोणती, रॉड कोणता आणि किती मिलिमीटरचा, उघडं पाकीट चालणार नाही. मिस्त्री हसला तर हसू द्या. तोच दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून 309एल आहे का विचारील.

डिझेल, ऑइल ठेवायची नवी टाकी करून घेतली असेल तर पैसे चुकते करण्याआधी एक चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. बाहेरच्या बाजूनं सगळ्या जोडांवर चुन्याचा पातळ हात फिरवून तो वाळू द्यायचा, मग आतल्या बाजूनं जोडांवर रॉकेल किंवा डिझेल फडक्यानं सढळ लावायचं. अर्धा-एक तास वाट बघायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पांढऱ्या चुन्यावर ओला काळपट ठिपका उमटतो. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर हे करू नका, तिथे काठोकाठ पाणी भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी खालून हात फिरवा. चुन्यावर ठिपका दिसला तर खडूनं गोल करा. टाकी आतून-बाहेरून साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, डिझेलचा वास गेल्याची खात्री करा, आणि मगच तो जोड पुन्हा भरायला मिस्त्रीला हाक मारा.